गर्भातील स्टेरॉइडे आणि आयुष्यभराचे वर्तन

स्टेरॉइड संप्रेरकांचे परिणाम दोन प्रकारचे असतात. प्रौढ शरीरात त्यांचा प्रभाव तात्पुरता असतो. संप्रेरक ओसरले की तो संपतो. गर्भात मात्र मेंदूची घडण चालू असताना त्यांचा संबंध आला, तर पुढच्या वर्तनाला कायमचे वळण लागते.

हा भेद 1959 साली स्पष्टपणे मांडला गेला. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात विल्यम यंग, चार्ल्स फीनिक्स आणि सहकाऱ्यांनी गाभण गिनिपिगांना टेस्टोस्टेरॉन टोचले. त्यांच्या मादी पिल्लांची वाढ झाल्यावर अंडाशये काढून त्यांना स्त्री-संप्रेरके दिली, तरी समागमाच्या वेळी मादीने घ्यायचा पवित्रा त्या क्वचितच घेत. टेस्टोस्टेरॉन दिले, की नरासारख्या दुसऱ्या मादीवर चढत. प्रौढ वयातच टेस्टोस्टेरॉन दिलेल्या माद्यांत असा कायमचा बदल दिसला नाही.

यात मात्रेइतकेच वेळेला महत्त्व असते. गिनिपिगाचा गर्भकाळ सुमारे 68 दिवसांचा असतो आणि हा संवेदनशील काळ जन्मापूर्वीच येऊन जातो. उंदरांची पिल्ले अपरिपक्व जन्मतात, त्यामुळे त्यांच्यात तो जन्मानंतरही काही दिवस टिकतो. संशोधक गॉय यांच्या रीसस माकडांवरील प्रयोगांत, गर्भकाळाच्या उत्तरार्धात टेस्टोस्टेरॉन मिळालेल्या माद्यांची जननेंद्रिये नेहमीसारखीच राहिली, पण त्या नरांसारखी दांडगाईची झटापट जास्त करत. शरीर आणि वर्तन यांच्या घडणीचे काळ वेगळे असतात, हे यातून दिसले.

निसर्गातही असे घडते. केनियातील ठिपकेदार तरसांच्या कळपात वरच्या दर्जाच्या माद्यांमध्ये गर्भारपणाच्या शेवटी पुरुष-संप्रेरकांचे प्रमाण अधिक असते, आणि ज्या मातांमध्ये ते अधिक, त्यांची पिल्ले अधिक आक्रमक असतात, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

तणावाशी निगडित कॉर्टिकोस्टेरॉइडांचे परिणाम वेगळे असतात. मातेच्या कॉर्टिसोलचा बराचसा भाग वारेतील एक एन्झाइम निष्क्रिय करते. डेक्सामेथासोनसारखी कृत्रिम औषधे मात्र वार सहज ओलांडतात. गर्भकाळाच्या शेवटच्या आठवड्यात डेक्सामेथासोन दिलेल्या उंदरिणींची पिल्ले कमी वजनाची जन्मतात आणि मोठेपणी अधिक भित्री होतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

याच गटातील औषधांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे लवकर पक्व होतात. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स यांनी मेंढ्यांवर ते दाखवले, आणि 1972 पासून असंख्य बाळांचे प्राण त्यामुळे वाचले. म्हणून प्राण्यांवरील निष्कर्षांचा अर्थ औषध टाळावे असा नाही. गरज असेल तेव्हा, ठरलेल्या मात्रेत आणि विनाकारण पुन्हापुन्हा न देता ते वापरावे, एवढाच आहे.