महापालिकेसाठी पसंतीक्रमाचे मतदान : ओंटारियोतील शहरांचा अनुभव

कॅनडातील सर्वांत मोठे शहर असलेल्या टोरांटोमध्ये २६ जून २०२३ रोजी महापौरपदासाठी पोटनिवडणूक झाली. मतपत्रिकेवर १०२ उमेदवारांची नावे होती. सुमारे ३७ टक्के मते मिळवून ऑलिव्हिया चाऊ विजयी झाल्या. दुसऱ्या क्रमांकावरील उमेदवाराला सुमारे ३२ टक्के मते मिळाली आणि उर्वरित मते शंभर जणांत विभागली गेली. दहापैकी सहाहून अधिक मतदारांनी विजयी उमेदवाराला मत दिलेले नव्हते. त्यांची दुसरी पसंती चाऊ यांनाच असती की अन्य कोणाला, हे समजण्यास मार्ग नाही. मतपत्रिकेवर तसे विचारलेलेच नव्हते.

हा प्रश्न विचारणारी पद्धत म्हणजे पसंतीक्रमाचे मतदान. यात मतदार एकाच नावापुढे खूण न करता पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती नोंदवतो. पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते एखाद्यास मिळाली तर तो निवडून येतो. तसे न झाल्यास सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद केला जातो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात. कोणाला तरी बहुमत मिळेपर्यंत फेऱ्या चालू राहतात.

भारतीय वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. विधान परिषदेच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत मतदार असाच क्रम लिहितात. राष्ट्रपतींची निवडही याच पद्धतीने होते आणि १९६९ साली तिची खरी कसोटी लागली. त्या वेळी व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मूल्याची मते मिळाली, तर नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८. विजयासाठी ४,१८,१६९ मतांचा कोटा आवश्यक होता. तिसऱ्या क्रमांकावर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्यांच्या पारड्यात १,१२,७६९ मते होती. आधी किरकोळ मते मिळालेले उमेदवार आणि अखेरीस देशमुख बाद झाल्यावर बहुतेक मते रेड्डी यांच्याकडे वळली. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. सुमारे ८८ हजारांची आघाडी साडेचौदा हजारांवर आली, परंतु विजेता बदलला नाही.

महापालिकांना ही पद्धत स्वीकारण्याची मुभा ओंटारियो प्रांताने २०१६ च्या कायद्याने दिली. २०१८ च्या निवडणुकीत तिचा लाभ घेणारे शहर एकच निघाले, ते म्हणजे लंडन. (ब्रिटनची राजधानी नव्हे, ओंटारियोतही याच नावाचे शहर आहे.) ज्या टोरांटोच्या महापालिकेने २०१३ मध्ये स्वतःहून अशी परवानगी मागितली होती, तिनेच २०१५ मध्ये ती मागणी मागे घेतली होती.

लंडनमध्ये २२ ऑक्टोबर २०१८ रोजी मतदान झाले. महापौर आणि १४ प्रभागांतील नगरसेवक यांच्यासाठी मतदारांना प्रत्येकी तीन पसंती देता येत होत्या. महापौरपदासाठी १४ उमेदवार होते. पहिल्या फेरीत एड होल्डर सुमारे ३४ टक्के मतांसह पुढे होते, मात्र त्यांच्या विजयावर शिक्कामोर्तब दुसऱ्या दिवशी, अनेक फेऱ्यांच्या गणनेनंतरच झाले. प्रभागांतही पहिल्या फेरीत पुढे असलेले उमेदवारच अखेर निवडून आले.

टीकाकारांच्या हाती यामुळे आयता मुद्दा आला. जुन्या पद्धतीने जे निवडून आले असते तेच आले, मग सुमारे पाच लाख डॉलरांचा जादा खर्च कशासाठी, असे विचारले गेले. मतदानही वाढले नाही. २०१४ मध्ये ते सुमारे ४३ टक्के होते, ते ३९ टक्क्यांवर आले. परंतु केवळ विजेता बदलला नाही म्हणून पद्धत निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. एक तृतीयांश मतांवर पदावर बसणारा महापौर आणि इतरांच्या समर्थकांचीही पसंती मिळवून बसणारा महापौर यांच्या अधिकारात नैतिकदृष्ट्या अंतर असतेच. शिवाय दुसऱ्या पसंतीची गरज असलेला उमेदवार प्रतिस्पर्ध्याच्या समर्थकांना दुखावताना दोनदा विचार करतो, असा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. एका निवडणुकीवरून तो सिद्ध होत नाही आणि खोडूनही निघत नाही.

खरी उणीव वेगळीच आहे आणि तिची चर्चा कमी होते. उमेदवार चौदा आणि पसंती तीनच, अशा स्थितीत एखाद्या मतदाराचे तिन्ही उमेदवार बाद झाले की त्याची मतपत्रिका गणनेतून वगळली जाते. अखेरच्या फेरीतील बहुमत हे उरलेल्या मतपत्रिकांचे बहुमत असते, झालेल्या एकूण मतदानाचे असेलच असे नाही.

लंडनच्या पाठोपाठ आणखी दोन शहरे या वाटेवर होती. किंग्स्टन आणि केंब्रिज येथे २०१८ च्या निवडणुकीबरोबरच सार्वमत घेण्यात आले व दोन्हीकडे बहुमताचा कौल पसंतीक्रमाच्या बाजूने पडला. मात्र निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केल्याने हा कौल कायद्याने बंधनकारक ठरला नाही. तरीही २०२२ च्या दृष्टीने हालचाली सुरू झाल्या होत्या.

त्या थांबवल्या प्रांतिक सरकारने. ऑक्टोबर २०२० मध्ये मांडलेले विधेयक मुख्यतः कोविड महासाथीतील दाव्यांपासून संस्था व व्यवसायांना संरक्षण देण्यासाठी होते, परंतु त्यातच महापालिकांचा पसंतीक्रमाचा पर्याय काढून घेणारी तरतूद होती. सर्व स्तरांवरील निवडणुकांची पद्धत एकसारखी असावी आणि महासाथीच्या काळात खर्च वाचावा, असे कारण देण्यात आले. नोव्हेंबरमध्ये कायदा संमत झाला. विशेष म्हणजे, या सरकारचे प्रमुख डग फोर्ड हे मार्च २०१८ मध्ये स्वपक्षाच्या नेतेपदी पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेनेच, तिसऱ्या फेरीत निवडून आले होते.

कॅनडात महापालिका प्रांताच्या कायद्याने निर्माण होतात, त्यामुळे शहराच्या निवडणुकीचा अखेरचा शब्द प्रांताचा असतो. महाराष्ट्रातही प्रभाग एकसदस्यीय असावा की बहुसदस्यीय, हे महापालिका नव्हे तर राज्याचा कायदा ठरवतो. २०२२ मध्ये लंडनचे मतदार पुन्हा एकाच नावापुढे खूण करून परतले. किंग्स्टन आणि केंब्रिजच्या मतदारांना तर मागितलेली पद्धत एकदाही वापरून पाहता आली नाही.