‘ढ’ म्हणू नका, वेगळ्या रीतीने शिकवा

सहामाही परीक्षेचे निकाल लागले, की दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर एक वेगळी तक्रारही येऊ लागते. "डॉक्टरसाहेब, पोरगं चौथीला गेलं, पण पुस्तक वाचता येईना. बोलायला हुशार आहे, दुकानावर पाठवलं तर सुटे पैसे बरोबर मोजून आणतं. मेंदूचं एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या." बरेचदा कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन-तीन बाटल्या आधीच संपलेल्या असतात. पालकांची तळमळ खरी असते, पैसाही कष्टाचा असतो. म्हणून प्रथमच स्पष्ट सांगतो, की मुलाला वाचायला लावणारे टॉनिक ॲलोपॅथीत नाही. या तक्रारीवर उपाय मात्र आहे. तो औषधाच्या दुकानात मिळत नाही, शिकवण्याच्या पद्धतीत सापडतो.

हा आळस नव्हे

बोलणे मूल आपोआप शिकते. वाचन तसे नाही. कागदावरची खूण पाहायची, तिचा आवाज आठवायचा, ते आवाज जोडून शब्द करायचा आणि त्याचा अर्थ लावायचा, एवढी कामे मेंदूला क्षणात करावी लागतात. काही मुलांच्या मेंदूत खूण आणि आवाज यांचा सांधा लवकर जुळत नाही. बुद्धी चांगली, डोळे-कान चांगले, शाळाही नियमित, तरीही वाचन मागे पडते. याला डिस्लेक्सिया म्हणतात. लिहिण्यातील अशा अडचणीला डिसग्राफिया आणि आकडेमोडीतील अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. या सर्वांना मिळून शिकण्यातील अक्षमता असे नाव आहे. शंभर मुलांमागे पाच ते दहा मुलांना ती कमी-अधिक प्रमाणात असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात अशी दोन-चार मुले असणारच. हा दोष पुष्कळदा घराण्यातही आढळतो.

या विकाराचे पहिले नीट वर्णन माझ्यासारख्याच एका गावच्या डॉक्टराने केले होते. इंग्लंडमधील सीफर्ड या समुद्रकाठच्या लहान गावी प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली. मुलगा चलाख, खेळात पुढे, मोठमोठे गुणाकार झटपट सोडवणारा. परंतु अनेक वर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते आणि स्वतःच्या नावातील अक्षरेही तो उलटसुलट लिहीत असे. सगळे शिक्षण तोंडी दिले तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असे त्याचे शिक्षक म्हणत. सव्वाशे वर्षांपूर्वी जे ओळखले गेले, त्याला आपण आजही ‘ढ’ हे एकच नाव देतो आणि मुलाला मागच्या बाकावर बसवतो.

मराठीत हा दोष कसा दिसतो? तिसरी-चौथीत जाऊनही मूल ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत सतत गोंधळते. काना-मात्रा-वेलांटी गाळते. जोडाक्षर आले की अडखळते, ‘प्रकाश’चे ‘पकाश’ करते. पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देते. फळ्यावरचे उतरवून घेताना ओळ सुटते. तोंडी विचाराल तर उत्तर बरोबर, लिहायला सांगाल तर पाटी कोरी. अशा चुका पहिलीत सगळीच मुले करतात, त्यामुळे त्या वयात घाईने शिक्का मारू नये. वयाच्या आठव्या वर्षानंतरही त्या कायम राहिल्या तर मात्र तपासणी करून घ्यावी.

आधी डोळे, कान आणि घर पाहा

न वाचणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे नसते. आपल्या भागात तर दुसरी कारणे अधिक सापडतात. कान फुटलेल्या मुलाला बाईंचे निम्मे शब्द ऐकूच येत नाहीत. चष्म्याची गरज असलेल्या मुलाला फळा धूसर दिसतो. रक्त कमी असलेले मूल दुपारी पेंगते. बोलता बोलता काही क्षण टक लावून थांबणाऱ्या मुलाला फिट्सचा एक सौम्य प्रकार असू शकतो, आणि त्यावर चांगली औषधे आहेत. पूर्वी नीट वाचणारे मूल अचानक मागे पडू लागले तर अजिबात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

घरची परिस्थितीही पाहिली पाहिजे. आपल्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. त्या मुलाचे अर्धे वर्ष फडावर गेलेले असते. तांड्यावरच्या मुलाची घरची भाषा गोरमाटी असते, सीमेकडच्या गावांत कन्नड किंवा तेलुगू. त्याला पहिलीत अक्षरांबरोबर भाषाही नवीनच असते. जे मूल ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ लिहिते, ते आईच्या तोंडचे मराठी लिहिते आहे. त्यात रोग काही नाही. अशा मुलांवर अक्षमतेचा शिक्का मारणे हा अन्याय होईल. मात्र त्यांनाही वेगळ्या रीतीने शिकवावेच लागते.

फलटणची एक शाळा

"वेगळ्या रीतीने शिकवणाऱ्या शाळा मुंबई-पुण्यात, इंग्रजी माध्यमाच्या. आपल्याकडे कुठे?" असे पालक विचारतात. त्यांच्यासाठी सातारा जिल्ह्यातील फलटणचे उदाहरण सांगतो. फलटण हे आपल्या मुखेडसारखेच तालुक्याचे गाव. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी तेथे आल्या, तेथेच राहिल्या आणि पुढे भारतीय नागरिक झाल्या. वस्तीतील दलित मुले काही वर्षे शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. बुद्धीत दोष नव्हता, शिकवण्यात होता. त्यांनी अशा मुलांसाठी वर्ग सुरू केले. त्यांतूनच पुढे प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची खासगी शाळा निघाली.

ज्यांचे नाव शाळेला दिले, त्या कमलाबाईंची ओळख आम्हा डॉक्टरांना असायला हवी. त्याही जन्माने अमेरिकन, विवाहानंतर येथल्याच झालेल्या. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, प्रशिक्षण सुरू केले. आपल्या देशात या शास्त्राचा पाया त्यांनी घातला. रुग्णाचे काय गेले याचा हिशेब करत न बसता, जे शिल्लक आहे त्याच्या बळावर त्याला रोजची कामे करता यावीत, हे या उपचाराचे सूत्र आहे.

बालभवन ही खास अपंगांची शाळा नाही, आणि हीच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. निरनिराळ्या जातींची, आर्थिक थरांची आणि शिकण्यात अडचण असणारी मुलेही तेथे इतरांबरोबर एकाच वर्गात शिकतात. मुलांची बोली चूक मानली जात नाही. वाचन शिकवताना ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मुळाक्षरे घोकून घेण्याऐवजी थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह यांचा लहान गट घेतला जातो. तेवढ्यातूनच लगेच अर्थपूर्ण शब्द तयार होतात. तो गट पक्का झाला की पुढचा. जोडीला गोष्टी, चित्रे, मुलांनी स्वतःच्या अनुभवावर केलेले लेखन आणि हाताळायला भरपूर पुस्तके. पहिल्याच आठवड्यात दोन शब्द स्वतः वाचलेल्या मुलाचा धीर वाढतो. बाराखडीच्या जंगलात वर्षभर हरवलेल्या मुलाचा धीर खचतो.

यात महागडे असे काय आहे? माझ्या मते फार थोडे. लहान गट, धीर आणि रोजची ठरलेली वेळ एवढे भांडवल आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही जमवता येईल.

घरी आणि वर्गात काय करावे

पालकांनी रोज वीस मिनिटे द्यावीत, त्याहून अधिक नको. आधी कानाचा खेळ खेळावा. ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता, शेवटचा कोणता, ‘क’ काढला तर काय उरते? मग अक्षर ताटातल्या रव्यावर किंवा अंगणातल्या मातीत बोटाने मोठे गिरवावे आणि गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणावा. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागले की अक्षर लवकर पक्के होते. वाचताना ओळीखाली पट्टी धरावी. आईवडिलांना वाचता येत नसेल तर मोठ्या बहीण-भावाने गोष्ट वाचून दाखवावी.

गुरुजींना विनंती अशी, की या मुलाला पहिल्या बाकावर बसवावे. भर वर्गात मोठ्याने वाचायला उभे करू नये. फळ्यावरचे उतरवण्यास जादा वेळ द्यावा, उत्तर तोंडी ऐकून घ्यावे आणि शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण वेगळे धरावेत. नेमाने असे शिकवल्यावर वाचताना मेंदूचे कामही बदलते, हे मेंदूच्या चित्रणाच्या अभ्यासांत दिसून आले आहे. छडीने असा बदल झाल्याचे कोठेही दिसलेले नाही.

चंचलपणा फार असेल, मूल दोन मिनिटेही बसत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. तो वेगळा विकार या दोषाच्या जोडीला असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

कायदा तुमच्या बाजूने आहे

अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ सालापासूनच सुरुवात केली. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातील अक्षमतेचा समावेश झाला. जादा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर अशा स्वरूपाच्या सवलती मिळतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. ते देण्यापूर्वी मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या घेतात. हे एका दिवसाचे काम नाही. दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच सुरुवात करावी आणि नेमके नियम मुख्याध्यापकांमार्फत लातूर विभागीय मंडळाकडून विचारून घ्यावेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील वैद्यकीय पथक शाळेत मुलांच्या तपासणीसाठी येते आणि शिकण्यातील अडचण हाही त्याच्या तपासणीचा भाग आहे. पथक आले, की न वाचणारे मूल मुद्दाम पुढे करावे. जिल्ह्याच्या ठिकाणी पुढील तपासणीसाठी चिठ्ठी मिळते.

हे सगळे कशासाठी? वाचता न येणारा मुलगा सातवी-आठवीत लाजेने शाळा सोडतो आणि कोयता हाती घेतो. मुलगी असेल तर "नाही तरी तिचं डोकं चालत नाही" म्हणून सोयरीक पाहिली जाते. पुढच्या आयुष्यात औषधाच्या बाटलीवरची तारीख, कर्जाचा कागद, मजुरीची उचल यांसाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहावे लागते. एका चुकीच्या शब्दाची ही किंमत फार मोठी आहे.

तेव्हा पालकहो, या आठवड्यात एक काम करा. तिसरीच्या पुढच्या आपल्या मुलाला जवळ घ्या आणि त्याने कधी न पाहिलेल्या पुस्तकातील पाच ओळी प्रेमाने वाचायला सांगा. पाठ झालेला धडा नको. तो अडखळला तर रागावू नका, इतरांशी तुलना करू नका. आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या, मग त्याच्या गुरुजींना जाऊन भेटा आणि उद्यापासून रोजची वीस मिनिटे ठरवून टाका.