बाखचे स्लर आणि संगणकाची अक्कल

युरोपीय अभिजात संगीताची चिकित्सक आवृत्ती काढणे हे भांडारकर संस्थेच्या महाभारतासारखेच काम आहे. हस्तलिखिते जमवायची, पाठ ताडून पाहायचे, एक स्वीकारायचा आणि बाकीचे पाठभेद नोंदवायचे. फक्त इथे श्लोकांच्या जागी पाच रेषांवरचे स्वर असतात. या कामासाठी ‘लिलीपॉन्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर अनेक जण वापरतात. त्यात माउसने स्वर ठेवायचे नसतात. सगळे संगीत साध्या मजकुरात टाइप करायचे आणि त्यावरून छपाईचे पान तयार करून घ्यायचे. या पद्धतीबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: हे काम प्रोग्रॅमरचे, संगीतकाराचे नाही.

वस्तुस्थिती: स्वराचे अक्षर आणि त्यापुढे लांबीचा आकडा, एवढ्यावर बरेचसे काम भागते. क्वार्टर नोटला ४, हाफ नोटला २. पुढच्या स्वराची लांबी तीच असेल तर आकडाही पुन्हा लिहावा लागत नाही. नवखा अडखळतो तो वेगळ्याच जागी. सुरुवातीला डी मेजर सांगितले असले, तरी प्रत्येक एफ शार्प हा शार्प म्हणूनच लिहावा लागतो. कारण फाइलमध्ये नोंद असते ती वाजणाऱ्या स्वराची. शार्पचे चिन्ह कुठे छापायचे आणि कुठे नाही, हे सॉफ्टवेअर ठरवते. त्यामुळे चिन्हे छापण्याचा नियम बदलायचा झाला, तर संपादक एक सूचना बदलतो आणि स्वरांना हात लावत नाही.

गैरसमज: संगणकावर केलेले पान निर्जीव दिसते.

वस्तुस्थिती: नेमकी हीच तक्रार असलेल्या हान-वेन निएनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच तरुणांनी १९९६ मध्ये लिलीपॉन्ड सुरू केले. धातूच्या पत्र्यावर हाताने कोरलेली जुनी पाने त्यांनी बारकाईने अभ्यासली. बाखच्या चेलो सुइट्सची बेरेनरायटर प्रकाशनाची १९५० ची आवृत्ती हा त्यांचा एक मानदंड होता. कोरणारे कारागीर शेजारच्या दोन स्वरांच्या दांड्या कोणत्या दिशेला आहेत, हे पाहून अंतर किंचित कमी-जास्त करत. सॉफ्टवेअरही तसेच करते. छपाई लहान आकारात असेल तर चिन्हे त्या प्रमाणात थोडी जाड होतात, म्हणजे ती फिकी पडत नाहीत. तरीही गर्दीच्या ठिकाणी हाताने दुरुस्ती करावी लागते. ती करावीच लागत नाही, असे म्हणणे हा उलट बाजूचा गैरसमज झाला.

गैरसमज: सॉफ्टवेअर चांगले असले की आवृत्ती चिकित्सक होते.

वस्तुस्थिती: चेलो सुइट्सचेच पाहा. बाखच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. पत्नी आना माग्दालेनाने केलेली नक्कल, योहान पेटर केल्नरची नक्कल आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दोन अनामिक प्रती, यांवर सगळी भिस्त आहे. त्यांतले स्लर, म्हणजे कोणते स्वर एकाच गजात वाजवायचे ते दाखवणाऱ्या वक्ररेषा, एकमेकांशी जुळत नाहीत. स्लर दुसऱ्या स्वरापासून सुरू होतो की तिसऱ्या, हे ठरवायला जुन्या नकलाकाराच्या सवयी माहीत असाव्या लागतात. संपादकाने घातलेला स्लर तुटक रेषेने किंवा त्याने सुचवलेले चिन्ह कंसात छापण्याची सोय लिलीपॉन्डमध्ये आहे. टायपिंग करताना मात्रा कमी-जास्त झाल्या, तर प्रत्येक बारच्या, म्हणजे मात्राखंडाच्या, शेवटी टाइप केलेल्या तपासखुणेपाशी ते इशाराही देते. पण लांबी बरोबर आणि स्वर चुकीचा असेल, तर ते निमूटपणे सुंदर पान छापते.

गैरसमज: पाठभेदांचा अहवाल ही शेवटी करायची वेगळी कारकुनी आहे.

वस्तुस्थिती: पूर्वी ती तशी होती, आणि त्यात बारचे क्रमांक चुकत. मजकुराच्या फाइलमध्ये संपादक त्या-त्या स्वरापाशीच टीप लिहू शकतो. उर्स लिस्का यांच्या ‘स्कॉलरली’ या जोडसंचाने अशा टिपा गोळा करून अहवालासाठी बाहेर काढता येतात. शिवाय फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिटसारखे साधन वापरले, तर कोणता स्लर कोणी, कधी आणि का बदलला, याचा ओळीनिशी हिशोब राहतो. दोन संपादक वर्षभर एका संग्रहावर काम करत असतील, तर असल्या नोंदीमुळे निम्मे वाद मिटतात.

गैरसमज: मजकुराची फाइल कधीच कालबाह्य होत नाही.

वस्तुस्थिती: अर्धसत्य. १९८८ पासून चालत आलेल्या ‘फिनाले’ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबला आणि अनेकांना आपल्या जुन्या फायलींचा घोर लागला. लिलीपॉन्डची फाइल कोणत्याही एडिटरमध्ये उघडते आणि वाचताही येते. पण त्याचे व्याकरणही बदलत आले आहे. जुनी फाइल नव्या आवृत्तीत आणणारे साधन सोबत मिळते, तरी काही जागा हाताने सुधाराव्या लागतात. म्हणून आवृत्तीचा क्रमांक फाइलच्या सुरुवातीलाच लिहायचा.

गैरसमज: विद्वानांसाठी हाच एक मार्ग.

वस्तुस्थिती: लिलीपॉन्डचा भर पानावर आहे. सगळ्या प्रतींतले पाठ एकाच फाइलमध्ये रचून ठेवायचे असतील, तर एमईआय ही संशोधकांनी त्यासाठीच घडवलेली एक्सएमएल पद्धत अधिक सोयीची. ‘व्हेरोव्हियो’ हे साधन तिच्यावरून ब्राउझरमध्ये स्वरलेखन दाखवते. साल्झबर्गच्या मोत्सार्टेउमने आपल्या डिजिटल मोत्सार्ट आवृत्तीसाठी हीच वाट धरली. वाचकाला पाठ निवडू द्यायचे की वादकापुढे नीट वाचता येईल असे पान ठेवायचे, हे आधी ठरवावे आणि मग साधन निवडावे.

आवृत्ती विकत घेणाऱ्यानेही ती कोणत्या सॉफ्टवेअरवर केली, हे विचारण्यात अर्थ नाही. मागची पाने उघडावीत. कोणत्या प्रती पाहिल्या आणि कुठे कोणता पाठ का स्वीकारला, हे तिथे सांगितलेले नसेल, तर पान कितीही देखणे असले तरी त्या आवृत्तीला चिकित्सक म्हणता येणार नाही.