सिम काढलं, बिल चालू

पोस्टपेड नकोसं झालं की बरेच जण सोपा मार्ग धरतात. सिम काढायचं, नवं प्रीपेड घालायचं, शेवटचं बिल विसरून जायचं. पण सिम काढल्याने कनेक्शन बंद होत नाही. तुम्ही कळवेपर्यंत किंवा कंपनी स्वतः तोडेपर्यंत भाडं चढत राहतं, वर लेट फी.

कंपनी आधी आउटगोइंग थांबवते, मग इनकमिंग, शेवटी नंबरच काढून घेते. त्यानंतर वसुलीवाल्यांचे फोन आणि एक दिवस वकिलाची नोटीस. इथे भल्याभल्यांची गाळण उडते. खरं तर हे दिवाणी देणं आहे; नुसतं बिल थकलं म्हणून पोलीस दारात येत नाहीत. 1963च्या मुदत कायद्याप्रमाणे वसुलीचा दावाही साधारण तीन वर्षांतच लावावा लागतो. अशी बरीच प्रकरणं लोकअदालतीत ‘दाखलपूर्व’ म्हणून येतात. तिथे जरूर जावं, तडजोडीत रक्कम कमी होऊ शकते.

घाबरायचंच तर नोटिशीविना होणाऱ्या नुकसानाला. टेलिकॉम कंपन्यांची थकबाकीही सिबिलच्या अहवालात येऊ शकते. मग घरकर्जाच्या वेळी बँक चारपाचशे रुपयांच्या जुन्या बिलाचा खुलासा मागते. तडजोडीनंतर ‘सेटल्ड’ असा शेरा पडला तर तोही बँकांना खटकतो. म्हणून ऐपत असेल तर पूर्ण रक्कम भरून थकबाकी नसल्याचं पत्र घ्यावं. हे पत्र कंपनी आपणहून देईल, या भरवशावर राहू नये.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर 2011 पासून आहे. मुदत उलटलेलं बिल बाकी असेल तर पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. पोर्ट झाल्यावर आलेलं शेवटचं बिल बुडवलं तर? जुन्या कंपनीच्या सांगण्यावरून नवी कंपनी तुमची सेवा तोडू शकते. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तुटलेला नंबर किमान 90 दिवस राखून ठेवतात, नंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. बँकेत तोच नोंदलेला राहिला असेल तर तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातील.

बिलच चुकीचं असेल तर गप्प बसून ते थकवू नका. कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.