फ्लॉपीचं माप

साडेतीन इंची फ्लॉपीवर ‘१.४४ एमबी’ असं छापलेलं असायचं. हा आकडा दहाच्या हिशेबात बसत नाही आणि संगणकाच्या दोनाच्या पटीतही नाही. आतल्या चकतीला दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकचे १८ सेक्टर आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट्स येतात. त्यांना १,०२४ ने भागलं की नेमके १,४४० केबी. पुढे केबीचे एमबी करताना मात्र १,००० ने भागलं गेलं आणि १.४४ हा आकडा रूढ झाला. दहाच्या हिशेबाने तीच फ्लॉपी १.४७ एमबीची, दोनाच्या हिशेबाने १.४१ एमबीची.

म्हणून एखाद्या फाइलला किती फ्लॉप्या लागतील हे काढायचं तर १.४४ बाजूला ठेवावं, बाइट्सना बाइट्सनीच भागावं, आणि बाकी कितीही किरकोळ उरली तरी एक फ्लॉपी वाढवावी. मोबाइलवर काढलेला ४० लाख बाइट्सचा फोटो तीन फ्लॉप्या घेतो. शंभर कोटी बाइट्सना, म्हणजे एका जीबीला, ६७९ लागतात. हा भागाकार मला मोलाचा वाटतो. जीबी, टीबी हे शब्द आपण रोज वापरतो, पण ते डोळ्यांपुढे काही उभं करत नाहीत. फ्लॉपीला जाडी होती, ३.३ मिलिमीटर. ती मोजता येते, रचता येते.

तरी एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. डॉससाठी फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवरचे पहिले ३३ सेक्टर व्यवस्थेसाठीच जातात: एक बूटचा, कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कुठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्याचे नऊ, त्याच तक्त्याच्या दुसऱ्या प्रतीचे नऊ, आणि मूळ फोल्डरच्या यादीचे चौदा. एवढ्याशा चकतीवरही तक्त्याची एक प्रत जास्तीची ठेवली होती, हे मला फार आवडतं. आपल्या वाट्याला १४,५७,६६४ बाइट्स उरतात. शिवाय एका अक्षराची फाइलसुद्धा अख्खा सेक्टर अडवते, आणि मूळ फोल्डरच्या यादीत २२४ च नोंदी मावतात. बारीकसारीक फाइली असल्या की जागा शिल्लक असूनही फ्लॉपी भरते.

आयबीएमने १९७१ मध्ये बाजारात आणलेली पहिली फ्लॉपी आठ इंची होती आणि तिच्यात जेमतेम ८० केबी मावत. १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची आली. सोनीने साडेतीन इंचीचं कडक कवच दिलं, आणि १९८७ च्या आयबीएम पीएस/२ संगणकांनी तिचा १.४४ चा अवतार घरोघरी नेला.

जागेची काटकसर किती बारकाईने चाले, ते विंडोज ९५ च्या १३ फ्लॉप्यांवरून कळतं. पहिली साधी होती. उरलेल्या बारांवर मायक्रोसॉफ्टने प्रत्येक ट्रॅकवर १८ ऐवजी २१ सेक्टर बसवले होते. साध्या पद्धतीत त्याच मजकुराला १४ लागल्या असत्या. म्हणजे प्रत्येक खोक्यामागे दोन फ्लॉप्या वाचल्या. तेरांतल्या एकीचा जरी सेक्टर खराब निघाला, तरी सगळं काम तिथेच अडे.

मग सीडी आली. ऐंशी मिनिटांच्या सीडीवर सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकी २,०४८ बाइट्स, एकूण ७३,७२,८०,०००. याला फ्लॉपीच्या बाइट्सनी भागून पाहावं: उत्तर नेमकं ५००, बाकी शून्य. दोन अगदी वेगळ्या वंशांच्या चकत्या इतक्या चोख जुळाव्यात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मराठी मजकुराचं माप मात्र याच काळात बदललं. डीटीपीवाल्याकडून छापखान्यात पुस्तक फ्लॉपीवरून जाई, तेव्हा १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणानुसार देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक बाइट पुरे. कानाही एक चिन्ह, वेलांटीही एक. चार लाख चिन्हांची तीन पुस्तकं एका फ्लॉपीत बसत. आजच्या यूटीएफ-८ मध्ये त्याच चिन्हाला तीन बाइट्स लागतात, त्यामुळे एकच बसेल. जगातल्या कुठल्याही यंत्रावर ‘ळ’ हा ‘ळ’च दिसावा यासाठी मोजलेली ही किंमत मला रास्त वाटते.

आता एक टीबीची हार्ड डिस्क घेऊ. तिला ६,७८,१६९ फ्लॉप्या लागतात. एकीवर एक रचल्या तर २,२३८ मीटर उंची होते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये चकती मिनिटाला ३०० वेळा फिरे. एका फेरीत एक ट्रॅक धरला, तर १६० ट्रॅक वाचायला निदान ३२ सेकंद. या गतीने ती अख्खी रास वाचून व्हायला २५१ दिवस लागतील, आणि यात फ्लॉपी काढून दुसरी घालायचा वेळ धरलेला नाही.