डिफरन्शियलचे झाकण: घरी उघडण्यापूर्वी

उज्जैनच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुसंख्य लहान मोटारींना मागचे डिफरन्शियल नसतेच, कारण ऑल्टो, स्विफ्ट, वॅगन-आर अशा गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत बसवलेले असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. एकाच शाफ्टची फिरकी दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने वाटून देणारी दंतचक्रांची रचना म्हणजे डिफरन्शियल. ती मागच्या एक्सलच्या मधल्या फुगवट्यात आढळते ती ओम्नी, ईको, जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप आणि इंदूर-उज्जैन मार्गावर भाविकांची ने-आण करणाऱ्या इनोव्हा यांसारख्या वाहनांत. इनोव्हा या नावावरूनही निष्कर्ष काढू नये, कारण क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, तर 2022 मध्ये आलेली हायक्रॉस पुढच्या.

या फुगवट्याची मागची गोल बाजू म्हणजे झाकणच, हा समज नुकसानकारक आहे. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये आढळणाऱ्या डेना 44 धर्तीच्या एक्सलला मागे दहा बोल्टचे पत्र्याचे झाकण असते आणि ते काढताच आतले मोठे दंतचक्र, म्हणजे क्राऊन व्हील, समोर दिसते. ओम्नी, ईको, जिप्सी आणि इनोव्हा यांच्या एक्सलची रचना मात्र उलटी आहे: मागचा घुमट वेल्डिंगने कायमचा जोडलेला असतो आणि दुरुस्तीसाठी दोन्ही चाकांचे शाफ्ट ओढून, प्रोपेलर शाफ्ट सोडवून डिफरन्शियलचा संपूर्ण गाभा पुढून काढावा लागतो. बोल्टचे कडे मागे आहे की पुढे, हे वाकून पाहिले तरी पुरते. ते न पाहता घुमटाच्या कडेवर छिन्नी चालवणारे कमी नाहीत.

गाडी गिअरमध्ये ठेवली की जॅकवर स्थिर राहते, ही समजूत डिफरन्शियलच्या स्वभावामुळेच खोटी ठरते. मागचे एकच चाक उचलले असता अधांतरी चाक उलट दिशेने मोकळे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक त्यामुळे सरकू शकते. हँडब्रेकही बहुधा मागच्याच चाकांवर काम करतो, म्हणून दोन्ही मागची चाके उचलल्यावर तो गाडी धरून ठेवत नाही. सपाट, कठीण जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी आणि एक्सलखाली दोन मजबूत स्टँड यांना पर्याय नाही.

तेल काढण्याआधी भरण्याचा बूच सैल होतो की नाही, हे पाहणे आवश्यक असते, कारण तो गंजून अडकला असेल तर रिकाम्या एक्सलची गाडी जागेवरच अडकून पडते. खाली निचऱ्याचा बूच नसलेल्या एक्सलमध्ये वरचे दोन बोल्ट अर्धवट ठेवून बाकीचे काढावेत आणि झाकणाची खालची कड हलकेच उचकटावी. तेल पसरट भांड्यात उतरते आणि झाकण अंगावर येत नाही. चुंबकावर किंवा तळाशी राखाडी लेप सापडला म्हणजे डिफरन्शियल संपले असे नव्हे: बारीक लोखंडी भुकटी ही नेहमीची झीज असते, दाताचा तुकडा किंवा चमचमणारे कण मात्र बिघाडाचे लक्षण. दुधट तेलाचा अर्थ पाणी. उज्जैनमधील शिप्रा नदीला पूर आला की रामघाटाजवळचा छोटा पूल बुडतो. अशा पाण्यातून गाडी नेल्यास तापलेला एक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सील किंवा हवा जाण्या-येण्याची नळी, म्हणजे ब्रीदर, यांतून पाणी आत ओढले जाते.

गळती थांबवण्यासाठी सीलंट भरपूर आणि बोल्ट शक्य तितके घट्ट, हा उपाय गळती वाढवतो. पत्र्याचे झाकण अति आवळल्याने बोल्टच्या छिद्रांपाशी वाकते, आणि आत ओघळलेले सिलिकॉन सुटून तेलात फिरत राहते. जुना थर खरवडून, दोन्ही पृष्ठभाग कोरडे करून छिद्रांच्या आतल्या बाजूने सुमारे तीन मिलिमीटरची अखंड रेघ द्यावी, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी उत्पादकाने दिलेल्या मापाइतके आवळावेत आणि सीलंट वाळेपर्यंत तेल भरू नये. इंजिन ऑइल येथे चालत नाही, कारण हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या, दातांवरील घसट सोसण्यासाठी उच्च दाब झेलणारे तेल लागते. बहुधा जीएल-5 दर्जाचे, पण शब्द पुस्तिकेचा अंतिम. ते भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे. त्याहून जास्त भरले, किंवा माळव्याच्या धुळीने ब्रीदर बुजला, तर दाबामुळे तेल सीलमधून ब्रेक लायनरवर उतरते आणि दोष नव्याने बसवलेल्या झाकणाला दिला जातो.

झाकण उघडल्याने क्राऊन व्हील आणि त्याला फिरवणारे लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, यांची जुळणी बिघडते, ही भीती निराधार आहे. परंतु बेअरिंगच्या टोप्या सोडल्या की ती बिघडू शकते. त्या टोप्या जागेवर बसवूनच कातलेल्या असतात, म्हणून डावी-उजवी खूण न करता काढू नयेत. दातांमधील मोकळीक साधारणतः 0.1 ते 0.2 मिलिमीटर असते, ती शिम नावाच्या पातळ चकत्यांनी साधली जाते आणि मोजण्यासाठी डायल गेज लागतो. ते साधन व सराव नसल्यास तपासणी, तेल आणि सीलंट एवढ्यावर घरचे काम थांबवून झाकण पुन्हा बसवावे, आणि गाडी चालवताना मागून घरघर येत असेल तर आधी टायर व चाकांची बेअरिंग तपासून घ्यावीत, कारण तोच आवाज तिथूनही येतो.