अरण्यातील राजधानी आणि दगडी पाउले

कंबोडिया म्हटले की अंगकोर वाटची पाच शिखरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ख्मेर राजांनी बांधलेली देवळे केवळ अंगकोरलाच नाहीत. उत्तर कंबोडियाच्या सपाट, रानाळ प्रदेशात ती शेकडोंनी विखुरलेली आहेत. कित्येकांची शिखरे ढासळली आहेत, कित्येकांच्या गाभाऱ्यातून झाडे वर आली आहेत. या विखुरलेल्या अवशेषांपैकी ‘कोह केर’ या एका जागेविषयी मला येथे लिहावयाचे आहे. मराठी वाचकाला ही जागा वाटते तितकी परकी नाही. आणि एखाद्या पडक्या देवळातली वस्तू तिच्या जागेवरच का राहावी, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर मला अन्यत्र कोठे मिळालेले नाही.

प्रथम थोडा इतिहास. दहाव्या शतकाच्या आरंभी ख्मेर राज्याची राजधानी यशोधरपूर, म्हणजे आजचे अंगकोर, येथे होती. चौथा जयवर्मन याने इ. स. ९२१ च्या सुमारास ती सोडून ईशान्येला, कोह केर येथे आपले ठाणे वसविले. ९२८ पासून तो साऱ्या राज्याचा स्वामी झाला आणि हीच जागा राजधानी ठरली. ९४१ च्या सुमारास तो वारला. त्याच्या मुलाने दोन-तीन वर्षे राज्य केले. आणि ९४४ मध्ये राजेंद्रवर्मन याने राजधानी पुन्हा अंगकोरला नेली. म्हणजे या नगरीचे वैभव जेमतेम पंचवीस वर्षांचे. शिलालेखांत तिची दोन नावे आढळतात, लिंगपूर आणि चोक गर्ग्यर. या लेखांतील कालगणना शालिवाहन शकाची आहे. आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर जो शक छापलेला असतो तोच! इ. स. ९२१ म्हणजे शके ८४३. आपल्याकडे त्या वेळी राष्ट्रकूटांचे राज्य चालू होते.

सिएम रीप या शहरापासून कोह केर रस्त्याने सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. २०१९ च्या जानेवारीत मी तेथे गेलो तो मोटारसायकलवरून, चालकाच्या मागे बसून. या चालकांना तिकडे ‘मोटोडॉप’ म्हणतात. मोटारीने जाता येत नाही असे नव्हे. मुख्य रस्ता चांगला आहे. परंतु कोह केरचे अवशेष एका आवारात नाहीत. सुमारे ऐंशी चौरस किलोमीटरच्या रानात ते पसरलेले आहेत, आणि एका देवळाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा तांबड्या मातीच्या, झाडोऱ्यातून वळणाऱ्या आहेत. पायी फिरावे तर दिवस पुरत नाही; मोटारीने फिरावे तर जेथे थांबावे तेथे थांबता येत नाही. शंभर-सव्वाशे सीसीची हलकी दुचाकी हेच तेथले खरे वाहन. तांदळाची पोती, डुकराची पिले, शाळेत जाणारी तीन-तीन मुले, सारे तिच्यावरूनच जाते. वाटेत टपऱ्यांवर काचेच्या बाटल्यांतून पेट्रोल विकावयास ठेवलेले असते. धूळ इतकी उडते की चौकड्यांचा सुती ‘क्रामा’ तोंडाला गुंडाळल्यावाचून इलाज नाही. हे वस्त्र आपल्या पंचासारखेच सर्वोपयोगी; घाम पुसावयास, डोक्याला बांधावयास आणि मूल झोळीत घालावयासही!

चालकाला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. परंतु तो बोटाने दाखवून ‘प्रासात’ म्हणाला की मला कळे. ‘प्रासात’ म्हणजे आपला ‘प्रासाद’, देऊळ. ‘अंगकोर’ हा शब्दही ‘नगर’ या संस्कृत शब्दाचेच रूप आहे. ‘प्रासात थोम’ म्हणजे मोठे देऊळ, ‘प्रासात क्रहाम’ म्हणजे लाल देऊळ, ‘प्रासात प्राम’ म्हणजे पाच शिखरांचे. ही नावे मागाहून लोकांनी दिलेली. मूळची नावे बहुतेक लोपली.

दगडही ओळखीचाच निघाला. तेथल्या प्राकारभिंती जांभ्याच्या आहेत. कोकणात किंवा गोव्यात ज्याने जांभ्याचा चिरा पाहिला आहे, त्याला या भिंतींचा तो भोकाभोकांचा तांबडा पृष्ठभाग निराळा सांगावयास नको. खाणीत असताना जांभा मऊ असतो. कापून उघड्यावर ठेवला की हवेने कठीण होत जातो. म्हणून भिंती आणि पायथे यांसाठी तो सोयीचा. पण त्यावर बारीक कोरीव काम होत नाही. ते काम वालुकाश्मावर केलेले. गाभाऱ्यांची शिखरे पुष्कळ ठिकाणी विटांची आहेत. दगड आणि वीट केवळ देवांसाठी होती. माणसे, राजासुद्धा, लाकडी घरांत राहत. म्हणून देवळे उरली आणि नगर नाहीसे झाले. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी जमिनीची मोजणी झाली, तेव्हा झाडीखाली लपलेले रस्त्यांचे, बांधांचे आणि तळ्यांचे उंचसखल आकार प्रथमच नीट दिसले.

प्रासात थोमच्या मागे सात टप्प्यांचा पिरॅमिड उभा आहे. त्याची उंची सुमारे छत्तीस मीटर. वर एक महालिंग स्थापिलेले होते, असे लेखांवरून कळते. आता वर लिंग नाही. बाजूच्या लाकडी जिन्याने चढून गेले म्हणजे चोहोंकडे झाडांचे शेंडे दिसतात, आणि एवढ्या रानात एकेकाळी राजधानी होती यावर विश्वास बसणे कठीण जाते. दक्षिणेला ‘राहाल’ हा तलाव आहे. तो सुमारे बाराशे मीटर लांब आणि साडेपाचशे मीटर रुंद. उत्तरेकडे छोट्या छोट्या लिंगमंदिरांची रांगच आहे. आत पुरुषभर उंचीच्या गाभाऱ्यात मोठमोठी लिंगे आपापल्या शाळुंकेवर अजून बसलेली आहेत. अभिषेकाचे पाणी भिंतीतून बाहेर काढणारी पन्हळ पाहून आपल्याकडच्या कोणत्याही शिवालयाची आठवण व्हावी.

रानाने देवळे खाल्ली असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. वाटेवर बेंग मेलिया हे बाराव्या शतकातले मोठे देऊळ लागते. तेथे झाड आणि दगड यांचा व्यवहार चांगला दिसतो. पक्ष्याने टाकलेले बी दगडांच्या सांध्यात रुजते. मुळे ओलाव्याच्या शोधात भिंतीवरून जमिनीपर्यंत उतरतात आणि जाड होऊ लागली की सांधे फाकवितात. आपल्या किल्ल्यांच्या तटांत पिंपळ हेच करतो. ख्मेर शिल्पी खऱ्या कमानी बांधीत नसत. दोन्ही बाजूंचे दगड थोडे थोडे पुढे सरकवीत ते छत मिटवीत. अशा छतातला एक दगड हलला की पुढचे कोसळतात. परंतु काही वर्षांनी तीच मुळे जाळ्यासारखी भिंतीला आवळून धरतात, आणि मग झाड तोडले तर भिंत पडते! म्हणजे झाड मारक की तारक, याचे उत्तर प्रत्येक भिंतीपाशी वेगळे. शिवाय रान जे पाडते ते जागीच पाडते. कोसळलेला दगड आपल्या पायाशीच पडून राहतो. तो उचलून पुन्हा जेथल्या तेथे बसविता येतो. खरी हानी निराळ्या वाटेने आली.

१९७० मध्ये कंबोडियात यादवी युद्ध पेटले. १९७५ ते १९७९ ही ख्मेर रूजची भीषण राजवट. त्यानंतरही बरीच वर्षे लढाया चालू राहिल्या. या काळात रानांत भूसुरुंग पेरले गेले. १९७९ पासून त्यांनी व न फुटलेल्या दारूगोळ्याने सुमारे वीस हजार माणसे मारली आणि त्याहून अधिक जायबंदी केली. कोह केरच्या परिसरातले सुरुंग प्रयत्नपूर्वक काढण्यात आले आहेत, तरी मळलेली वाट सोडू नये हा नियम तेथे अजून पाळतात. माझ्या चालकाने दिवसभरात मला एकदाच हात धरून मागे ओढले. फोटोसाठी मी वाटेच्या कडेला गवतात पाऊल टाकीत होतो तेव्हा.

ज्या काळात शास्त्रज्ञ तेथे जाऊ शकत नव्हते, त्या काळात चोर जात होते. मूर्ती घोट्यापाशी फोडावयाची, बैलगाडीवर घालावयाची, सरहद्दीपलीकडे थायलंडमध्ये न्यावयाची आणि तेथून ती लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात पोचावयाची, अशी ही साखळी होती. ‘प्रासात चेन’ या देवळाच्या पश्चिमेकडील गोपुरात नऊ मूर्तींचा एक समूह होता. १९७२ च्या सुमारास तो लुटला गेला. मूर्ती गेल्या; चौथरे आणि त्यांवरील पाउले मात्र रानातच राहिली.

हा समूह कशाचा होता? फ्रेंच अभ्यासक एरिक बुर्दोनो यांनी ती पाउले, चौथऱ्यांच्या जागा आणि जगभर पांगलेल्या मूर्ती यांचा मेळ घातला, आणि उत्तर मिळाले: भीम व दुर्योधन यांचे गदायुद्ध! मधोमध ते दोघे, बाजूला बसून पाहणारे पांडव, आणि बलराम. शल्यपर्वातली कथा आपल्याला ठाऊक आहे. दुर्योधन उडी घेतो, भीम नियम मोडून मांडीवर गदा हाणतो, आणि दोघांचाही गुरू असलेला बलराम संतापून नांगर उगारतो. दहाव्या शतकातल्या ख्मेर शिल्प्याने हा प्रसंग भिंतीवर उठावात न कोरता मोकळ्या उभ्या मूर्तींत मांडला. गोपुरातून आत शिरणारा माणूस जणू त्या युद्धाच्या रिंगणातूनच जात असे.

२०११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावगृहाने यातला दुर्योधन विकावयास काढला. अपेक्षित किंमत वीस ते तीस लाख डॉलर. कंबोडियाने हरकत घेतली आणि विक्री थांबली. २०१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने मूर्ती परत मिळविण्यासाठी दावा लावला. आता ही मूर्ती कोह केरचीच कशावरून, हे दाखविणे आले. मूर्तीवर गावाचे नाव कोरलेले नसते. पण मूर्तीला पाउले नव्हती, आणि पाउले प्रासात चेनमध्ये होती. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली व २०१४ मध्ये दुर्योधन मायदेशी आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयाने भीम परत केला, आणि बलरामही परतला. गुडघे टेकून बसलेल्या दोन मूर्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आदल्याच वर्षी धाडल्या होत्या. त्यांची मस्तके आणि धडे त्या संग्रहालयाला वेगवेगळ्या वेळी मिळालेली होती. पुढच्या वर्षांत आणखी बऱ्याच मूर्ती परतल्या, आणि या शोधात एके काळी स्वतः लूट करणाऱ्या काही माणसांनीही कोणती मूर्ती कोठून उचलली ती जागा दाखवून साह्य केले. २०२३ मध्ये युनेस्कोने कोह केरची जागतिक वारशात नोंद केली.

प्रासात चेनला पोचलो तेव्हा तेथे आम्हा दोघांखेरीज कोणी नव्हते. पडके गोपुर, पाचोळा, जांभ्याचे चिरे. नंतर फ्नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी ते योद्धे पाहिले. अंग ताणलेले, मुद्रा शांत. आणि घोट्यापाशी तुटल्याची खूण. कोणत्याही संग्रहालयात ती मूर्ती सुंदरच दिसली असती. पण नुसती सुंदर मूर्ती ‘एक योद्धा’ एवढेच सांगते. तो दुर्योधन आहे, समोर भीम आहे, कथा कोणती आणि तिच्यातला क्षण कोणता, हे सारे तिच्या जागेने सांगितले. लुटारूंनी निरुपयोगी म्हणून सोडलेला भागच शेवटी साक्षीदार ठरला.

आपल्याकडे रविवारी मोटारसायकली काढून आडवाटेची देवळे आणि किल्ले पाहावयास जाणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. ही चांगली गोष्ट आहे. गावाबाहेरच्या पडक्या शिवालयापाशी वीरगळ, सतीशिळा, भंगलेले नंदी पडलेले असतात. कोणी ते उचलून पाराशी मांडतो, कोणी तैलरंग देतो, कोणी सिमेंटमध्ये बसवितो. यामागे बहुधा भक्तीच असते, पण दगड हलला की तो कोणत्या लढाईचा, कोणत्या वेशीचा, कोणत्या देवळाचा हे सांगणारा धागा तुटतो. म्हणून जाल तेथे दगड हलवू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे, तोंड कोणत्या दिशेला आहे, देवळापासून किती पावलांवर आहे आणि शेजारी काय आहे, हे वहीत टिपावे, दिनांक घालावा. या कामाला पदवी लागत नाही की पैसा लागत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाने अशी एक वही ठेवली, आणि दरवर्षीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचे एकेक पान तिच्यात भरले, तर दहा वर्षांत तालुक्याची नोंद तयार होईल.